नावाची कोरी जागा

११ फेब्रुवारी २००१

समीक्षाने कागद माझ्या हातून काढून घेतला आणि म्हणाली, "मामा, नाव कोरं ठेवून लोकांच्या सह्या घ्यायच्या? नोटरी आपल्याला दारातून परत पाठवेल."

मी म्हटलं, मग नोटरी अगदी शेवटी. प्रतिज्ञापत्रं, सह्या, शिक्के, सगळं एका दिवसात उरकायचं आणि त्याच दुपारी अर्ज रजिस्टर पोस्टाने दिल्लीला. तोवर नाव कागदावर येणार नाही.

ती माझी भाची. इथल्या कोर्टात वकिली करते. तिने पुन्हा समजावून सांगितलं. नाव आधी राखून ठेवायची सोय निवडणूक आयोगाकडे नाही. अर्ज करायचा, सोबत पक्षाची घटना जोडायची, शंभर सभासदांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. दुसऱ्या पक्षाच्या नावासारखं नाव नसेल तर मिळतं. निदान स्थापनेच्या सभेचं इतिवृत्त तरी नावासकट लिहून ठेवा, असं तिचं म्हणणं. मी ऐकलं नाही. बंदर खात्यात एकतीस वर्षं काढली. साहेबांच्या टेबलावरचा कागद सही होण्याआधी बाजारात कसा पोचतो, ते मला माहीत आहे.

नाव तिघांना ठाऊक आहे. मला, समीक्षाला आणि अयूबला. मथुरा माझी बायको, घरातलीच, तिला धरत नाही.

१४ फेब्रुवारी

मिरकरवाड्यात अयूब होडेकरकडे गेलो. नाव त्यानेच सुचवलेलं. किनारा हक्क पक्ष. मी दोन आठवडे वेगवेगळी नावं लिहून पाहिली, याच्याहून साधं काही सुचलं नाही.

कुवेतहून परत आल्यापासून तो स्वतःची छोटी होडी चालवतो. आमच्या वाडीची माणसं आणि मिरकरवाड्याची माणसं एकाच पुळणीवर होड्या ओढतात, जाळी वाळवतात. हरिश्चंद्र इथला बडा ट्रॉलरमालक, त्याच्या ट्रॉलरांसाठी तिथे खासगी धक्का होणार आहे. तो झाला तर पुळणीला कुंपण पडेल. हिवाळ्यात नगरपरिषदेची निवडणूक आहे. वेगवेगळे उभे राहिलो तर प्रत्येकाला वेगळं चिन्ह मिळेल, मतं फुटतील. म्हणून पक्ष. आधी मला हे हसण्यावारी वाटलं होतं. अयूबला कधीच वाटलं नाही.

शंभरातले अर्धे तो आणणार. म्हणाला, "त्यांची काळजी नको, अण्णा. ते माझ्या शब्दावर येतील."

खुर्शीदभाभींनी चहा आणि सांदणं दिली. बोलत होतो, तेवढ्यात त्याचा पुतण्या अद्नान आत आला. अद्नान हरिश्चंद्रच्या बर्फाच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. मी बोलणं थांबवलं. अयूबच्या लक्षात आलं. म्हणाला, घरचाच आहे.

मी म्हटलं, "घरचा आहे, पण पगार कुणाचा?"

सांदणं चांगली होती. विचारलं ते योग्यच विचारलं. आज नाही तर उद्या कुणीतरी विचारलंच असतं.

२० फेब्रुवारी

बंदरावर गेलो होतो. लिलाव संपत आलेला. अयूब हरिश्चंद्रच्या कारखान्यात शिरताना दिसला. मी जाळ्यांच्या ढिगाआड उभा राहिलो. लपण्याचा हेतू नव्हता, पण पुढेही झालो नाही.

बऱ्याच वेळाने तो आणि अद्नान बाहेर आले. हरिश्चंद्र त्यांना दारापर्यंत सोडायला आला. त्याने अद्नानच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणाला. अद्नान मान खाली घालून ऐकत होता. अयूबने हरिश्चंद्रला सलाम केला.

संध्याकाळी अयूब पुळणीवर भेटला. घटनेतल्या तिसऱ्या कलमाबद्दल बोलला, बांगडा येत नाही त्याबद्दल बोलला. कारखान्याबद्दल एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही. माणूस स्वतःहून काय सांगत नाही, ते पाहावं.

६ मार्च

बकरी ईद. दरवर्षीप्रमाणे अयूबकडे गेलो. अद्नान पाहुण्यांना सरबत देत होता. कामाचा दिवस, आणि हा घरी. मी सहज विचारलं, कारखान्यात आज सुट्टी काय?

त्याने काकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "सोडली नोकरी."

कधी, का, हे विचारणार होतो, पण अयूबने मध्येच विषय बदलला. दुबईला कुणाचातरी व्हिसा आला होता, त्याबद्दल बोलत राहिला.

पक्की नोकरी कुणी सहजासहजी सोडत नाही. सोडली असेल तर दुसरं काही हाती आलं असणार. देणारा कोण, एवढाच प्रश्न. घरी येताना हाच विचार. मथुराने मटणाचा डबा उघडला आणि म्हणाली, भाभींनी यंदा जास्त दिलंय. मला तेही खटकलं.

१० मार्च

काल होळीचा होम लागला. आज कामं काही नाहीत. सह्यांसाठी २९ तारीख ठरवली. सगळ्यांनी सकाळी दहाला नोटरीकडे यायचं. नाव कुणालाच सांगितलेलं नाही. लोक विचारतात. मी म्हणतो, वेळ आली की कळेल. वाडीतला धाकू म्हणाला, "बारसं त्या दिवशीच काय रे?" हसले सगळे. हसू देत.

१२ मार्च

आज ग्रामदेवाची पालखी घरी आली.

सकाळपासून अंगण सारवणं, रांगोळी, नारळ, ओटीचं सामान. ढोल लांबून ऐकू यायला लागले तेव्हा मथुरा अजून निरांजन शोधत होती. पालखी पोरांनी अंगणात नाचवली, खांद्यावरून हातावर, हातावरून डोक्यावर. तुळशीसमोर टेकवली. सगळी वाडी अंगणात होती. कुंपणावर माणसं, माडाच्या बुडाशी माणसं.

हरिश्चंद्रही आला होता. पालखीचा एक खांदा त्याच्या घराण्याचा असतो. पालखीपुढे वैर धरायचं नाही, असं आमच्याकडे आहे. मी त्याला पुढे खुर्ची दिली, पन्हं दिलं. तोही नीट बोलला. गुडघे दुखतात म्हणाला.

गाऱ्हाणं घालायला काशीराम उभा राहिला. मान त्याचा आहे. त्याला कालच गाठून सगळं सांगितलं होतं, नाव दोनदा म्हणून घेतलं होतं. देवाला अर्धवट सांगून चालत नाही. काय मागायचं ते पूर्ण नावानिशी मागावं लागतं. वडील तसंच करायचे. गलबत नवं असलं तर गलबताचं नाव, मूल असलं तर मुलाचं.

काशीरामने डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटलं:

"बा महाराजा, आज तुझी पालखी ह्या विश्रामाच्या दारात आली हाय. त्यान नवीन पक्ष काढायचं मनात आनलान हाय, किनारा हक्क पक्ष. अर्ज दिल्लीला जानार हाय. वाटेत कोन आडवा येत असंल, कुनाची नजर पडत असंल, तर त्याला बाजूला कर आनि किनारा हक्क पक्षाचं काम तडीस ने रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळी वाडी म्हणाली. हरिश्चंद्रनेही हात जोडून म्हटलं.

महिनाभर जो घोर लागला होता तो आज कमी झाला. अयूब आला नाही, समुद्रावर होता. असता तर बरं झालं असतं. की नव्हता तेच बरं? हे असं मनात येतं, याचा मलाच राग येतो.

१५ मार्च

पालखी देवळात परतली. काही विशेष नाही. समीक्षाने घटनेचा मसुदा आणून दिला. समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही यांवर निष्ठा, ते वाक्य कायद्यात आहे तसंच ठेवलंय. मसुद्यातही नावाच्या जागी टिंबं टिंबं.

१९ मार्च

सकाळी धाकूने वर्तमानपत्र आणून दिलं, घडी न उलगडता. पान चार.

हरिश्चंद्रने पत्रकार परिषद घेतली. किनाऱ्यावरच्या सर्व व्यावसायिकांसाठी नवा पक्ष. नाव किनारा हक्क पक्ष. अर्ज दिल्लीला रवाना. फोटोत तो, मागे त्याचे दोन ट्रॉलरवाले, हार.

बातमी तीनदा वाचली. अक्षर न् अक्षर तेच.

नाव तिघांना ठाऊक. समीक्षा माझ्या बहिणीची मुलगी. मी स्वतः. उरला कोण?

अद्नानने नोकरी सोडली ती उगीच नाही. खांद्यावरचा तो हात मी डोळ्यांनी पाहिला आहे. आता सगळं लागतं एकाला एक. तरी मन म्हणतं, नाव त्यानेच दिलेलं. स्वतःचंच नाव तो का विकेल? मग वाटतं, स्वतःचं आहे म्हणूनच विकता येतं.

जेवण गेलं नाही.

२० मार्च

समीक्षाकडे गेलो. म्हटलं, हरकत घेऊ. नाव आपलं आहे. आयोगाला कळवू.

ती म्हणाली, पुरावा? नाव आधी आपलं होतं, असा तारखेचा एखादा कागद? इतिवृत्तात ते नाही, घटनेत नाही, एकाही प्रतिज्ञापत्रात नाही.

मी म्हटलं, कागद नसेल, साक्षीदार आहेत. बारा तारखेला सगळ्या वाडीने हे नाव ऐकलंय. वाटेल त्याला उभा करतो.

"सगळ्या वाडीने?" तिने विचारलं.

"पालखीपुढे. काशीरामने गाऱ्हाण्यात घेतलं होतं."

तिने पेन खाली ठेवलं. "मामा, तिथे हरिश्चंद्र होता?"

मी म्हटलं, होता ना. त्यानेही 'व्हय महाराजा' म्हटलंय. देवासमोर ऐकलेलं नाव त्याने घेतलं, म्हणजे बघ किती निर्ढावलेला आहे. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की त्याला बातमी दिली कुणी.

तिने समोरचे कागद गोळा केले आणि म्हणाली, चहा घेणार का. हल्लीच्या मुलांना धीर नाही. पुराव्याच्या बाबतीत तिचं बरोबर आहे, हरकत टिकणार नाही. नवं नाव घ्यावं लागेल, एवढं ठरलं. २९ तारीख बदलायची नाही.

२२ मार्च

मथुरा मासळीबाजारातून आली. भाजी निवडता निवडता म्हणाली, खुर्शीदभाभी भेटल्या होत्या. अद्नानची नोकरी अयूबभाईंनीच सोडवली म्हणे. ईदेच्या आधीच. स्वतः जाऊन मालकाला सांगून आले. आपल्या माणसांना संशयाला जागा नको, म्हणून. घरात भांडणं झाली त्यावरून. मुलगा आता होडीवर जातो, त्याला समुद्र लागतो, उलट्या करतो.

मी म्हटलं, हे भाभींनी सांगितलं. बायको नवऱ्याचं सांगणारच.

"आणि हरिश्चंद्रला खुर्ची कुणी दिली होती?" मथुराने विचारलं.

मी म्हटलं, गाऱ्हाणं देवाला असतं, माणसांना नसतं. आजवर कुणी गाऱ्हाण्यातली गोष्ट उचलून बाहेर वापरली आहे का? माझ्या आठवणीत नाही. पणज्यांपासून लोक देवापुढे जमिनीचे वाद बोलले, लेकीसुनांची दुखणी बोलले. अंगणातलं अंगणात राहिलं.

ती म्हणाली, त्या वेळी निवडणुका नव्हत्या.

हे लिहिताना तिचं बोलणं पुन्हा आठवतं. खुर्ची मीच दिली, हे खरं आहे. पण खुर्चीवर बसलेल्याने काय केलं, याला मी कसा जबाबदार? आणि अयूबने नोकरी सोडवली असेल तर मला तसं सांगायला काय झालं होतं? सरळ माणूस सांगून मोकळा होतो.

२५ मार्च

संध्याकाळी जाळी विणायच्या शेडमध्ये सगळे जमलो. आमच्या वाडीचे, मिरकरवाड्याचे. हरिश्चंद्रची बातमी सगळ्यांनी वाचलेली. मी म्हटलं, नवं नाव घेण्याआधी आत जे आहे ते साफ झालं पाहिजे. नाव ज्यांना ठाऊक होतं त्यांनी शपथ घ्यावी. मी देवळात नारळ उचलतो. अयूबने त्याच्या मशिदीत जाऊन घ्यावी.

मिरकरवाड्याच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. सुतळीचा गुंडा कुणाच्यातरी मांडीवरून घरंगळत माझ्या पायाशी आला.

धाकू म्हणाला, "मग आमी सगल्यांनीच शपत घ्यायची काय रे विश्राम? 'व्हय महाराजा' आमी पन म्हटलं होतं."

दोघे-तिघे हसले आणि थांबले. धाकूला कुठे काय बोलावं ते कळत नाही. मी लक्ष दिलं नाही.

अयूब उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "अण्णा, तुमी हे मला घरी येऊन विचारलं असतंत तर मी उत्तर दिलं असतं. इथं विचारलंत."

मी म्हटलं, सगळ्यांचा प्रश्न आहे, म्हणून सगळ्यांसमोर.

तो म्हणाला, "मशिदीत नाय. शपथ मी नोटरीपुढं घेईन. एकोनतीसला." आणि चपला घालून गेला. त्याच्या पाठोपाठ मिरकरवाड्याचे उठले, एकेक करून. जाताना कुणी 'येतो' म्हटलं नाही.

मशिदीत नको, नोटरीपुढे चालेल. याचा अर्थ काय घ्यायचा? देवापुढे खोटं बोलता येत नाही, कागदावर येतं. मी असाच अर्थ घेतला. घरी आल्यावर तितकी खात्री वाटेना.

२६ मार्च

पाडवा. गुढी उभारली. अयूबने कुवेतहून परतल्यापासून एकही पाडवा चुकवलेला नाही, श्रीखंडाला येतो, मथुराची चेष्टा करतो की वेलची कमी पडली. यंदा आला नाही. मथुराने त्याची वाटी वाढून ठेवली होती. दुपारी तिने ती झाकून बाजूला ठेवली. माझ्याशी दिवसभर कामापुरतं बोलली.

काशीराम आला होता. त्यालाच विचारलं, गाऱ्हाण्यातली गोष्ट कुणी बाहेर नेली तर काय होतं? तो विचार करून म्हणाला, देव बघून घेतो. मग म्हणाला, "पन हळू घालायला तू सांगितलं नव्हतास. तू तर म्हनालास, सगल्यांना आयकू जाऊ दे."

म्हटलं होतं, खरं. आनंदाच्या भरात.

२८ मार्च

नवं नाव ठरवलं. एकट्याने. समीक्षालाही उद्या सकाळीच सांगणार, ती जागेवर टाइप करून घेईल. ते इथेही लिहीत नाही.

दुपारी पुळणीवर गेलो. धक्क्यासाठी खुणा मारून गेलेत, चुन्याच्या रेघा आणि लोखंडी खुंट्या. एक खुंटी अयूबची होडी असते त्या जागेला लागून. होडी नव्हती. अद्नान एकटा जाळं साफ करत बसला होता. चेहरा उन्हाने काळा पडलेला, हातांना चिरा. मला पाहून उठला, "सलाम, अण्णा" म्हणाला आणि पुन्हा बसला. काका कुठे विचारलं. समुद्रावर, म्हणाला. जेवलास का विचारलं. हो म्हणाला. आणखी काही विचारायचं होतं, जमलं नाही. माणूस पैसे घेऊन बसला असता तर त्याचे हात असे दिसले नसते, एवढं मनात आलं. तिथून लवकर निघालो.

घरी मथुराने विचारलं, अयूबभाईंकडे जाऊन येता का. मिरकरवाडा काही लांब नाही. मी म्हटलं, उद्या भेटणारच आहोत. आधी कागद होऊ देत, मग बोलेन. कागदाआधी बोललो तर सह्यांसाठी गोड बोलतोय असं त्याला वाटेल.

मथुरा म्हणाली, "त्याला काय वाटेल ते त्यालाच ठरवू द्या की एकदा."

गेलो नाही. मिरकरवाड्याची माणसं येतील. पुळण त्यांचीही आहे. पुळणीला कुंपण पडलं तर ते तरी कुठे जाणार?

२९ मार्च

सकाळी दहाला नोटरीकडे गेलो. आमच्या वाडीचे बहुतेक सगळे आले, धाकू नवीन टोपी घालून. समीक्षाने नाव टाइप करून घेतलं. मिरकरवाड्याहून अयूब एकटा आला. प्रतिज्ञापत्र वाचलं, नवं नाव वाचलं. नोटरीपुढे उभा राहून शपथ घेतली, सही केली. बाकीचे कधी येणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ते माझ्या शब्दावर येनार होते, अण्णा. माझा शब्द तुमाला पुरला नाय, तो त्यांना कसा देऊ? माझी तेवढी शपथ घ्या." पेन टेबलावर ठेवून गेला. आम्ही दुपारपर्यंत बसलो. आणखी कुणी आलं नाही. शंभर भरले नाहीत. अर्ज पाठवला नाही.